अठ्ठावीस फासळ्या आणि एक फळी

मेस्त्री, तुम्हाला जाऊन सत्तेचाळीस वर्षे झाली. तुम्हाला अक्षरओळख नव्हती आणि मी चौथी पास होतो, म्हणून होडीच्या गिऱ्हाइकांची पत्रे मी तुम्हाला वाचून दाखवीत असे आणि तुम्ही हातातला रंधा न थांबवता ऐकत असा. हे पत्रही तसेच ऐकावे. मध्येच थांबवून प्रश्न विचारण्याची तुमची सवय मला ठाऊक आहे. या वेळी मात्र शेवटपर्यंत वाचू द्यावे, कारण जे सांगायचे आहे ते शेवटी आहे आणि तेथवर पोहोचण्यास मला वेळ लागणार आहे.

मी सध्या आयर्लंड देशात, डब्लिन शहराच्या पश्चिमेस ल्यूकन नावाच्या वस्तीत, मुलाच्या घरी राहतो. पत्नी वारल्यावर येथे आलो, त्यास सहा वर्षे झाली. मुलगा इंजिनिअर आहे. हृदयाच्या शिरेत घालण्याच्या बारीक नळ्या जेथे तयार होतात, त्या कारखान्यात तो नोकरी करतो. सूनही नोकरी करते. नात तेरा वर्षांची आहे. तिला मराठी सगळे समजते, पण उत्तर इंग्रजीतच येते. मुलाने एका शेतकऱ्याबरोबर भागीत विमान बांधले आहे. खेळण्यातले नव्हे, खरे. दोन माणसे बसतील असे, लाकडाचे, वरून कापड ताणलेले. येत्या शनिवारी हवा स्वच्छ असल्यास ते समुद्र ओलांडून इंग्लंडमधील एका मोठ्या मेळाव्यास जाणार आहे. तेथे ठिकठिकाणचे लोक आपण घरी बांधलेली विमाने घेऊन येतात आणि पंखाखाली तंबू ठोकून राहतात. मुलगा चालवणार आणि दुसरी जागा माझी, असे पूर्वी ठरले होते. परवा त्याने एक कागद माझ्यापुढे ठेवून माझे वजन विचारले, कारण आत बसणाऱ्याचे वजन आधी लिहून विमानाचा तोल काढावा लागतो. मी वजन सांगितले नाही. कागदावरची ती चौकट अजून रिकामी आहे.

या कामात मी कसा शिरलो ते सांगतो. येथे आल्यावर पहिले वर्ष मी खिडकीशी बसून काढले. कामावाचून हात कसे होतात हे तुम्ही जाणता. एके दिवशी मुलगा मला गाडीतून पोर्टलीशच्या बाजूला त्या शेतकऱ्याकडे घेऊन गेला. पूर्वी गाई होत्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये टेबलावर विमानाचे नकाशे पसरले होते आणि भिंतीला टेकून बोटाएवढ्या जाडीच्या लाकडाच्या लांब पट्ट्या ठेवल्या होत्या. मी एक पट्टी उचलली, टोकाकडून डोळ्यासमोर धरली, आणि हिचा दाणा तिरका आहे, ही वापरू नये, असे मुलास सांगितले. त्याने ते शेतकऱ्यास सांगितले. शेतकरी माझ्याच वयाच्या आसपासचा, लालबुंद चेहऱ्याचा, कमी बोलणारा मनुष्य. त्याने ती पट्टी गुडघ्यावर घेऊन वाकवली. ती जेथे मी बोट ठेवले होते तेथेच मोडली. त्या दिवसापासून तो मला बॉस म्हणू लागला. पुढल्या शनिवारी मी तुमची पटाशी बरोबर नेली. तुम्ही दिलेली, शिसवी मुठीची. पत्नीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ती मी सामानाच्या बॅगेत तळाशी घालून आणली होती. दुसरी कोणतीही वस्तू मी गावाहून आणली नाही.

विमानाच्या पंखालाही फासळ्या असतात, मेस्त्री. होडीच्या फासळ्यांहून हलक्या, एका हातात चार मावतील अशा. बारीक पट्ट्या साच्यात बसवायच्या आणि जेथे जेथे पट्टी पट्टीस मिळते तेथे दोन्ही बाजूंनी पातळ प्लायचा त्रिकोण चिकटवायचा. खिळा नाही. सगळा भार त्या चिकटीवर. एका पंखात चौदा, दोन्ही मिळून अठ्ठावीस. मुलाने ते काम माझ्यावर सोपवले. एक हिवाळाभर तो मला दर शनिवार-रविवारी तेथे नेई, आणि पुढे पुढे तर शेतकऱ्याची बायको डब्लिनला आलेली असली की तिच्याबरोबर मी मधल्या वारीही जात असे. मी पंखांसमोर उभा राहून तुमचे वाक्य त्या दोघांस सांगितले: ज्येचो सांधो, तो पयलो आत. मुलाने त्याचे इंग्रजी केले, की आमच्याकडे होडी पहिल्यांदा पाण्यात जाते तेव्हा ती बांधणाऱ्याने आत बसायचे असते, बुडाली तर त्यानेही भिजावे म्हणून. शेतकरी म्हणाला, मग समुद्रावरून पहिल्यांदा जाईल तेव्हा दुसरी जागा बॉसची, मी तंबू घेऊन फेरीबोटीने येतो. हे असे ठरले.

आता माझी चूक. ही चिकट म्हणजे दोन डब्यांतून घेऊन वजनाने मिसळायचा गोंद, आणि थंडीत तो नीट धरत नाही. म्हणून मुलाने शेडमध्ये हीटर आणून ठेवला होता आणि मला बजावले होते की रात्रभर तो चालू राहू द्या. मी मान हलवली. परंतु निघताना खाली भुशाचा ढीग दिसे आणि मला तुमचा आवाज ऐकू येई: भुशाकडे इस्तो ठेवन घराक जांव नको. तुम्ही आम्हांला विडीसुद्धा शंभर पावले दूर जाऊन ओढायला लावीत होता. तेव्हा मी दर वेळी हीटर बंद करून, तार काढून, मग बाहेर पडत असे. हे मी कोणास सांगितले नाही. सांगण्यासारखे काही आहे असे मला वाटलेच नाही. सुताराने आग विझवून घरी जावे, यात काय सांगायचे?

दुसरी गोष्ट अशी की प्रत्येक वेळी कालवलेल्या चिकटीचा एक नमुना करावा लागतो. दोन लहान तुकडे एकमेकांस चिकटवायचे, वर तारीख लिहायची आणि वाळल्यावर मोडून पाहायचे. लाकूड फाटले तर चिकट चांगली, चिकटीतून सुटले तर त्या वेळचे सगळे काम बाद. मुलगा म्हणाला होता, "बाबा, नमुना कामाच्या शेजारीच ठेवायचा हं." का, ते मी विचारले नाही. मी कधीच कोणास का म्हणून विचारलेले नाही. चौथी शिकलेल्या माणसाने एकदा विचारायला सुरुवात केली की लोक त्याला सगळेच समजावून सांगू लागतात. नमुना हरवू नये म्हणून तो तसे सांगत असेल, अशी मी समजूत करून घेतली आणि हरवू नये म्हणूनच नमुने खिशात घालून घरी आणू लागलो. येथील घरांत गरम पाण्याची टाकी भिंतीतल्या एका कपाटात असते. त्यास हे लोक हॉट प्रेस म्हणतात. त्यात टॉवेल ठेवतात, आणि आमच्या घरी सून त्यातच दह्याचे पातेले ठेवते, कारण या देशात दही दुसरीकडे कोठे लागत नाही. दह्याशेजारी मी माझे नमुने ठेवीत असे. मूल परीक्षेला निघाले तर त्याला आपण उपाशी पाठवतो का? तसे मला वाटे. आणि माझे नमुने असे मोडत, मेस्त्री, की लाकडाचे तंतू ओरबाडून निघत पण सांधा हलत नसे. मी एका वहीत प्रत्येकाची नोंद ठेवली आहे. तपासणीस आलेल्या गृहस्थाने ते तुकडे पाहून मान डोलावली, तेव्हा मी टोपी सारखी केली.

याच जागी तुम्हाला मेणाचा प्रसंग आठवत असेल. मी वीस वर्षांचा होतो. एका फळीतली गाठ निसटली आणि त्या भोकात मी मेण आणि भुसा भरून वर रंधा मारला. तुम्ही होडीभोवती फिरता फिरता त्या फळीशी थांबलात, बोटाने चाचपलेत, नखाने मेण उकरलेत आणि होडीचा मालक शेजारी उभा असताना मला हाक मारलीत. "मेणान पाणी थांबता, तर मग लाकूड कित्याक व्हया?" एवढेच बोललात. मग मालकासमोरच ती फळी माझ्या हातून काढवलीत. मालक म्हणत होता, राहू द्या, एवढ्याने काय होते. तुम्ही म्हणालात, चूक ज्येच्या पैशाची तेच्या समोर काढूची. तो उन्हाचा दिवस आणि खिळे उपटताना होणारा तो आवाज मला अजून आठवतो. मी आठ दिवस तुमच्याशी बोललो नव्हतो. नवव्या दिवशी तुम्ही ही पटाशी दिलीत, कसलेही कारण न सांगता.

फासळ्या पुऱ्या झाल्या. पुढला हिवाळा लागण्यापूर्वी मला दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूंसाठी गावी जावे लागले. तीन महिने राहिलो. परत आलो तेव्हा पंखांवर कापड ताणून झाले होते, रंगही चढला होता. मला फार वाईट वाटले. फासळ्या माझ्या आणि त्यांवर कापड चढताना मी नाही. मी मुलास म्हणालो की थांबायला हवे होते. तो म्हणाला, हवा कोरडी मिळाली, बाबा, म्हणून उरकून घेतलं. शेतकरी बुटांकडे पाहत राहिला. मी पंखावर हात फिरवला आणि कापडाखाली एकेक फासळी मोजली. अठ्ठावीस होत्या.

मार्च महिन्यात आमच्या घराचा बॉयलर बिघडला. चार दिवस घर गारठून गेले, पाणीही गार. त्या सुमारास शेडमध्ये मी विमानात बसणाऱ्याच्या पायांखालची लाकडी पाटी चिकटवली होती आणि तिचा नमुना नेहमीप्रमाणे दह्याशेजारी ठेवला होता. चौथ्या दिवशी सुनेने पातेले बाहेर काढले. दुधाचे दूधच होते. ती म्हणाली, "बघा ना बाबा, अजिबात लागलं नाही. उबेशिवाय नाहीच लागणार इथे." मी सहज नमुना उचलून हाताने वाकवला. तो सुटला. मोडला नाही, मेस्त्री, सुटला. डबीचे झाकण निघावे तसा. दोन्ही बाजू गुळगुळीत, आणि मध्ये चिकट काकवीसारखी. मी तेथेच टॉवेलांसमोर उभा राहिलो. गारठ्यात दही लागत नाही हे मला कळत होते. शेजारी ठेवलेली दुसरी वस्तू ऊब खाते आहे म्हणून धरते आहे, हे मला सव्वा वर्षात एकदाही सुचले नाही. आणि ज्यांच्यासाठी ती परीक्षा द्यायची ती अठ्ठावीस भावंडे तिकडे गाईंच्या शेडमध्ये बंद हीटरशेजारी कुडकुडत पडली होती.

नंतरचे सहा दिवस कसे गेले ते लिहिणे मला जड जाते. पहिले उड्डाण पुढल्या आठवड्यात होते, मुलाने एकट्याने करायचे. रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा उघडा असे. मुलगा आणि नात त्यावर रेघ ओढून बसत: येथून किनारा, किनाऱ्यावरून समुद्र, पलीकडे वेल्सचे डोंगर, तेथे उतरून इंधन घ्यायचे, मग पुढे मेळावा. समुद्रावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ खाली फक्त पाणी. नात मला फुगवायचे जाकीट घालून दाखवी आणि हसे. मला नकाशावर ती निळी पट्टी सोडून दुसरे काही दिसत नसे. सांगितले तर कापड फाडावे लागेल, फासळ्या तोडाव्या लागतील, मेळावा बुडेल, इतक्या वर्षांचे काम मागे जाईल, आणि ज्याला बॉस म्हणतात तो एक म्हातारा होता असे ठरेल. न सांगितले तर काय होईल ते मी लिहीत नाही. तुम्ही विचाराल, सहा दिवस कशाला लागले? मला स्वतःलाही त्याचे उत्तर चांगले देता येत नाही. पाचव्या दिवशी माझ्या मनात असेही येऊन गेले की अठ्ठावीसांतल्या वीस तरी धरल्या असतील.

शनिवारी शेडमध्ये गेल्यावर मी दोघांना समोर उभे राहण्यास सांगितले. तुमचाच नियम, चूक मालकासमोर काढायची. आणि मालक दोन होते. सुटलेल्या नमुन्याचे दोन तुकडे मी तळहातावर ठेवले. वाक्ये मी घरून जुळवून आणली होती. मी म्हणालो, "त्या अठ्ठावीस फासळ्यांतला एकही सांधा खात्रीचा नाही. नमुने मी घरी उबेत ठेवीत होतो आणि येथला हीटर रोज बंद करून जात होतो. दोष सर्वस्वी माझा आहे. पंखांवरचे कापड काढावे लागेल. यांना सांग."

शेतकऱ्याने मुलाला विचारले, काय म्हणतायत ते? तरी त्याने भाषांतर केले नाही. तेव्हा शेतकरी पुढे आला, माझ्या हातावरचा एक तुकडा उचलून त्याने अंगठ्याने गुळगुळीत बाजू चाचपली, माझ्याकडे पाहिले आणि मग मुलाकडे. हळू आवाजात तो म्हणाला, "म्हणजे तू त्यांना सांगितलंच नाहीस?" एवढे इंग्रजी मला येते.

"बाबा," मुलगा म्हणाला, "त्या फासळ्या आता पंखात नाहीत."

मला वाटले की मी ऐकण्यात चुकलो. मग हळूहळू सगळे बाहेर आले. मी गावी जाण्याच्या आधी नातीला पोहायला जाताना टॉवेल हवा होता, तेव्हा तिला दोन नमुने सापडले आणि तिने ते बापाला नेऊन दाखवले. त्याने नातीला गप्प राहण्यास सांगितले. शेतकऱ्यास हीटरचे आधीपासून ठाऊक होते. तो सकाळी येऊन पाही तर तार काढलेली असे. त्याला वाटले, मुलाने तसे सांगितले असेल. मी डोळे दाखवायला गावी गेलो त्या तीन महिन्यांत दोघांनी, एकाही रात्री हीटर न विझवता, सगळ्या फासळ्या नव्याने केल्या.

"किती बदलल्या?" मी विचारले.

"सगळ्या."

"काही चांगल्या असतील त्यांतल्या."

"असतील. पण कुठल्या, ते कळायला मार्ग नव्हता, बाबा."

"मला का सांगितले नाहीस?"

"तुमच्याकडूनच शिकलो," तो म्हणाला. "मेस्त्रींच्या फळीची गोष्ट. लहानपणापासून शंभर वेळा सांगितलीत. मोठ्या माणसाच्या हातून चूक झाली की ती त्याच्या मागे दुरुस्त करायची आणि बोलायचं नाही. मला वाटलं, तेच बरोबर."

शेतकऱ्याने किटली लावली. या देशात कोणी मेले किंवा कोणी जन्मले तरी आधी किटली लावतात. आता सगळं ग्रँड आहे, बॉस, असे म्हणून त्याने माझ्या हातात कप दिला. तो वाईट मनुष्य नाही. पण त्याने कप देताना माझा हात धरला, जणू कप पडेल.

चहा घेऊन मी एकटाच बाहेर गेलो. शेतकऱ्याच्या बायकोने भाजीसाठी प्लास्टिकचा लांब मांडव घातला आहे. आत वाफ्यांच्या कडेने माझ्या फासळ्या उभ्या रोवल्या होत्या. वाटाण्याचे कोवळे वेल त्यांवर चढायला लागले होते. मी त्या ओळखल्या. प्रत्येकीच्या टोकास पेन्सिलीने आकडा घातलेला होता, तुम्ही फळ्यांवर घालत होता तशीच खूण. एका कडेची फासळी मी उपटली आणि एक त्रिकोण अंगठ्याने रेटला. तो चिकटीतून सुटला. दुसरीचा रेटला. तोही सुटला. तिसरीचा मात्र धरून राहिला, लाकूड फाटले. पुढे पाहण्याचे धैर्य मला झाले नाही. मी तिन्ही पुन्हा मातीत रोवल्या आणि वेल जसे होते तसे गुंडाळून ठेवले.

पहिल्या उड्डाणास मी गेलो नाही. पाय दुखतो असे सांगितले. ते झाले, नीट झाले, नातीने मला मोबाइलवर चित्रफीत दाखवली. गवतातून विमान उचलले जाते आणि पंख किंचित वर वाकतात. सगळे टाळ्या वाजवतात. ती म्हणाली, "तुम्ही कुठे दिसत नाही यात, आजोबा." हे मात्र ती मराठीत बोलली. त्यानंतर ठरावीक तासांच्या चाचण्याही पुऱ्या झाल्या. मी शेडकडे फिरकलो नाही. पटाशी लुगड्यात गुंडाळून ठेवली. परवा मुलाने वजनाचा कागद आणला तेव्हा मी म्हणालो की ज्यात माझा सांधा नाही त्यात मी कोणत्या नात्याने बसावे? तो म्हणाला, "पायाखालची पाटी तुमची आहे की. ती शेडमध्ये हीटरजवळ वाळली, तुम्ही निघालात की तो परत लावला जायचा. तिचा वेगळा नमुना तिथेच ठेवून मी मोडून बघितला, पक्की आहे." मग म्हणाला, "आणि मेस्त्री नव्हते का बसले?"

होय, तुम्ही बसला होता. आता ती गोष्ट. मी ती मुलाला, पत्नीला, शेजाऱ्यांना, सर्वांना एकाच प्रकारे सांगत आलो: मेस्त्रींची नजर अधू झाली होती. त्यांच्या शेवटच्या होडीत पाण्याच्या रेषेखालची एक फळी त्यांनी स्वतः बसवली आणि तिचा सांधा उघडा राहिला. मी सव्वीस वर्षांचा, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. ते दुपारी जेवायला गेले असताना मी ती फळी काढली, नवी घडवली, बसवली, फटीत तेलाचा कापूस ठासला, आणि त्यांना कधी कळू दिले नाही. त्यांची लाज राखली. होडी खाडीत उतरली त्या दिवशी मेस्त्री त्या फळीवर हात ठेवून बसले होते. त्यांनी विचारले, पाणी येता काय? मी म्हणालो, नाय, मेस्त्री. तेव्हा ते हसले: "म्हातारो झालंय, पण हात अजून आसा." गोष्ट येथे संपते, आणि ऐकणारा दर वेळी गप्प होतो. माझा मुलगाही लहानपणी येथे गप्प होत असे. त्याने ती इतक्या खोल ठेवून घेतली हे मला माहीत नव्हते.

मी बहुतेक जाईन. तुम्ही माझ्या फळीवर हात ठेवून बसलात, मी मुलाच्या फासळ्यांखाली बसेन; पाणी येईल तर दोघे भिजू. उद्या सकाळी वजन सांगेन. हे मी नमुन्यांच्या नोंदींच्या वहीतच, उरलेल्या पानांवर लिहिले आहे, आणि पाने फाडून कोठे धाडण्याचा प्रश्न नाही. वही पटाशीबरोबर लुगड्यात राहील.

आता मी शेवटास आलो आहे आणि तुम्ही अजून रंधा मारीत आहात असे समजून लिहितो. तुमच्या सांध्याला काही झाले नव्हते. फळी एका कडेला दोन सूत वर होती, रंध्याच्या चार हातांत खाली बसली असती. पाणी त्यातून आले नसते. मला दिसत होते, माझी नजर चांगली होती. गावात सगळे म्हणत असत की ही होडी मेस्त्रींची, आणि ती मेस्त्रींची शेवटची असणार हे सर्वांस ठाऊक होते. तिच्यात पाण्याखाली एक तरी फळी माझी असावी, असे मला वाटले. तुमची फळी मी संध्याकाळी माझ्या आईच्या चुलीत घातली. ती ओली नव्हती, कुजलेली नव्हती. चांगली पेटली. माझ्या मुलापाशी कारण होते, मेस्त्री. माझ्यापाशी नव्हते.